नोकरीचा दौरा आणि अंगावरचे दूध: कोकणातल्या प्रवासात ते थंड ठेवून घरी कसे आणावे

बाळ चार-पाच महिन्यांचे असताना नोकरीच्या कामासाठी दोन-तीन दिवस बाहेरगावी जाण्याची वेळ आली, की घरातली आणि कार्यालयातली माणसे आईपुढे बहुधा दोनच वाटा ठेवतात: दौरा रद्द करावा, नाहीतर बाळाला वरच्या दुधाची सवय लावावी. तिसरी वाटही आहे आणि ती आपल्या कोकणात नीट चालता येते. घरून निघण्यापूर्वी पुरेसे दूध साठवून ठेवावे, प्रवासात दर तीन तासांनी दूध काढत राहावे आणि काढलेले दूध थंड ठेवून परत आणावे, अशी ती वाट आहे. मी रत्नागिरीत राहते. बँकेच्या शाखांची तपासणी हे माझे काम आहे आणि मुलगी पाच महिन्यांची असल्यापासून वर्षाची होईपर्यंत चिपळूण, राजापूर, कणकवली, सावंतवाडी आणि दोन वेळा मुंबई एवढे दौरे मी याच रीतीने केले.

त्या दौऱ्यांतून एक गोष्ट पक्की कळली. दूध काढणे हा यातला सोपा भाग आहे. थोड्या सरावाने ते बहुतेकींना जमते. अवघड असते ते दूध काढल्यापासून बाळाच्या वाटीत पडेपर्यंत थंडावा एकदाही तुटू न देणे, कारण आपल्याकडची दमट उष्णता, गावापासून लांब असलेली रेल्वे स्थानके, घाटात खोळंबणारी वाहतूक आणि पावसाळ्यात जाणारी वीज ही सगळी त्या थंडाव्याच्या मुळावर येणारी कारणे आहेत. म्हणून पंप आणि पिशव्या विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन तासांचा हिशेब मांडावा.

खाली दिलेल्या मर्यादा पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, आजारी असेल किंवा रुग्णालयात असेल, तर नियम अधिक कडक असतात आणि ते बाळाच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावेत.

तासांचा हिशेब

ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकते. फ्रीजमध्ये, म्हणजे ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानात, ते ४ दिवस चांगले राहते. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत ठेवणे उत्तम आणि १२ महिन्यांपर्यंत चालण्याजोगे मानले जाते. मात्र आपल्या बऱ्याच घरांत एकाच दाराचा फ्रीज असतो आणि त्यातला बर्फाचा कप्पा दार उघडताच कोमट होतो, त्यामुळे तिथले दूध २ आठवड्यांच्या आत वापरावे. पूर्ण गोठलेल्या जेलपॅकसह (गोठवून थंडाव्यासाठी वापरायच्या जेलच्या बंद पिशव्या) चांगल्या शीतपेटीत दूध २४ तास ठेवता येते.

यातला पहिला आकडा कोकणात जसाच्या तसा धरू नये. मे महिन्यात किनाऱ्यावर दुपारचा पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, रात्रीही तो फारसा उतरत नाही आणि उन्हात उभ्या असलेल्या एसटीत किंवा मोटारीत तापमान याहून कितीतरी वर जाते. २५ अंशांची खोली आपल्याकडे वातानुकूलित असली तरच मिळते. म्हणून माझा स्वतःचा नियम असा आहे, की काढलेले दूध बाहेर ठेवायचेच नाही. झाकण लावले, तारीख-वेळ लिहिली की ते लगेच पेटीत जाते. काही अडचणीने बाहेर राहिलेच, तर एका तासाच्या पुढे मी ते बाळासाठी धरत नाही.

हिशेब कसा मांडायचा, ते एका दौऱ्यावरून सांगते. सोमवारी सकाळी रत्नागिरीहून निघून कणकवलीत काम, तिथेच दोन रात्री मुक्काम आणि बुधवारी रात्री ९ वाजता घरी परत, असे ठरले आहे. सोमवारी सकाळी ९ वाजता रेल्वेत काढलेले दूध पेटीत मंगळवारी सकाळी ९ पर्यंत सुरक्षित आहे. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी मुक्कामी पोहोचताच ते फ्रीजमध्ये गेलेच पाहिजे. बुधवारी ते पुन्हा पेटीत येईल, कारण जेलपॅक पुन्हा गोठलेले असतील. पेटीतले हे तास चार दिवसांच्या बाहेरचे धरायचे नाहीत. चार दिवस दूध काढल्या क्षणापासूनच मोजायचे, म्हणजे हे सोमवारचे दूध शुक्रवारी सकाळी ९ च्या आत बाळाला देणे किंवा घरी पोहोचल्याच्या रात्रीच गोठवणे भाग आहे. कागदावर हे गुंतागुंतीचे वाटते, परंतु प्रत्येक पिशवीवर तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, तर घरातल्या कोणालाही ते वाचून समजते.

रेल्वेच्या वेळेत स्थानकापासूनचे अंतरही मिळवावे. रत्नागिरीचे स्थानक शहराबाहेर आहे, राजापूर रोड तर राजापूर गावापासून बरेच लांब आहे आणि सावंतवाडी रोडहून शहरात यायलाही वाहन लागते. गाडीला उशीर झाला आणि रिक्षा मिळाली नाही, तर तास-दीड तास सहज वाढतो. हिशेबात नेहमी तीन तास जादा धरावेत.

निघण्याआधीचे तीन आठवडे

एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतचे, केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलीलीटर दूध पिते. कोणी थोडे कमी, कोणी जास्त. दोन दिवस आणि वर काही तास बाहेर राहायचे असेल, तर घरी सुमारे २ लिटर दूध असावे. हा आकडा ऐकून घाबरून जाऊ नये. दौऱ्याच्या तीन आठवडे आधीपासून, पहाटे बाळ एका बाजूला पीत असताना किंवा पिऊन झाल्यावर, दुसऱ्या बाजूचे १०० मिलीलीटर दूध रोज काढून गोठवले, तरी २ लिटरच्या पुढे साठा होतो. एकाच दाराच्या फ्रीजमध्ये मात्र वर सांगितलेली २ आठवड्यांची मर्यादा पाळावी. पहाटे पान्हा चांगला असतो, म्हणून ती वेळ निवडावी. बाळ सहा महिन्यांच्या पुढचे असेल आणि भाताची पेज, नाचणीचे सत्त्व, मऊ भात खाऊ लागले असेल, तर दुधाची गरज बाळागणिक कमी होते. आठवडाभर नोंद ठेवली की अंदाज येतो.

दूध ६० ते १२० मिलीलीटरच्या छोट्या भागांत साठवावे. मोठी पिशवी एकदा वितळली की उरलेले दूध वाया जाते आणि आपण पहाटे उठून काढलेले दूध मोरीत ओतताना फार वाईट वाटते. पिशवी किंवा बाटली काठोकाठ भरू नये, कारण गोठताना दूध फुगते. पिशव्या आडव्या, सपाट गोठवल्या तर त्या लवकर वितळतात आणि कमी जागा घेतात. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या, दूध साठवण्यासाठीच बनवलेल्या पिशव्या किंवा खाद्यपदार्थांसाठीचे कडक प्लास्टिक वापरावे. पाण्याच्या जुन्या बाटल्या आणि दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशव्या मुळीच नकोत.

दुसरी तयारी बाळाची. आई समोर असताना बाळ दुसऱ्याच्या हातून दूध घेत नाही, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून दौऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज एक वेळचे दूध आजीने, आत्याने किंवा बाळाच्या वडिलांनी पाजावे आणि त्या वेळी आईने घराबाहेर जावे. बाटलीच लागते असे नाही. वाटी-चमच्याने किंवा आपल्या घरात पूर्वापार असलेल्या बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, बाळ छान पिते. त्याला उभे धरून, दूध ओठांशी टेकवून, त्याने स्वतः चाटत-ओढत घ्यावे एवढी सवड दिली की झाले. वाटी आणि बोंडले स्वच्छ करणे बाटलीपेक्षा सोपे असते आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही वाटीने पाजण्याची शिफारस केलेली आहे. माझ्या मुलीला पहिले तीन दिवस बोंडले मुळीच नको होते, चौथ्या दिवशी आमच्या सासूबाईंनी पडवीत झोपाळ्यावर बसून ते पाजले, आणि त्यानंतर कधी अडचण आली नाही.

कार्यालयाला लेखी कळवावे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त स्तनपानासाठी दोन वेळा सुट्टी घेण्याचा हक्क दिला आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आहे. ज्या शाखेत किंवा कार्यालयात जायचे आहे, तिथल्या व्यवस्थापकांना आदल्या दिवशीच असे दोन ओळींचे पत्र पाठवावे: ‘माझे बाळ लहान असल्याने मला दर तीन तासांनी २५ मिनिटे, आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि विजेचा सॉकेट लागेल. कृपया व्यवस्था करावी.’ एवढ्या नेमक्या शब्दांत सांगितले की समोरच्याला संकोच वाटत नाही आणि व्यवस्था होते. मला बहुतेक ठिकाणी जुन्या दप्तराची खोली मिळाली आणि ती पुरेशी होती. स्वच्छतागृहात बसून दूध काढण्याची सूचना कोणी केली, तर ती शांतपणे पण स्पष्टपणे नाकारावी. आपण बाळाचे अन्न तयार करत असतो आणि तिथे कोणीही अन्न तयार करणार नाही.

पेटी कशी भरावी

गावोगाव लसीकरणाला जाणाऱ्या आरोग्यसेविकेच्या खांद्यावरचा डबा नीट पाहावा. त्यात चारही बाजूंना गोठवलेले बर्फाचे पॅक उभे असतात, मध्ये लस असते आणि झाकण कामाशिवाय उघडले जात नाही. आपल्याला हुबेहूब तेच करायचे आहे. जाड भिंतीची, सुमारे ५-६ लिटरची कडक शीतपेटी घ्यावी. मऊ कापडी पिशवी हलकी असते, पण आपल्या हवेत ती दिवसभर टिकत नाही. जेलपॅक किमान चार असावेत आणि ते आदल्या रात्रभर फ्रीझरमध्ये दगडासारखे गोठलेले असावेत. दोन बाजूंना दोन, तळाला एक आणि वर एक अशी रचना करून बाटल्या पॅकना चिकटून बसतील असे पाहावे. रिकामी जागा राहिली तर स्वच्छ कोरडा पंचा किंवा गोठवलेल्या पाण्याची छोटी बाटली घालावी, कारण आतली मोकळी हवा थंडावा खाते.

नुकतेच काढलेले दूध अंगाइतके कोमट असते. ते आधीच्या थंड बाटल्यांना लावून ठेवले तर त्या बाटल्याही तापतात. त्यासाठी एका कोपऱ्यात एक जादा जेलपॅक राखून ठेवावा, नवी बाटली प्रथम त्याला टेकवावी आणि ती थंड झाल्यावरच आधीच्या बाटल्यांत मिसळू द्यावी. दोन वेळांचे दूध एकत्र ओतायचे असेल, तर दोन्ही सारखे थंड झाल्यानंतरच ओतावे आणि त्यावर आधीच्या दुधाची वेळ लिहावी.

पेटीत एक छोटा फ्रीजचा थर्मामीटर ठेवावा. मी आधी तो घेतला नव्हता; पेटीच्या बाहेरून हात लावून अंदाज करत असे. पहिल्या दौऱ्याच्या आधी घरी एक रंगीत तालीम करावी, हे मी प्रत्येक आईला आग्रहाने सांगते: बाटल्यांत साधे पाणी भरावे, पेटी प्रवासाला भरतो तशी भरावी, ती पडवीत किंवा ओटीवर पूर्ण दिवस ठेवावी, दर तीन तासांनी एकदा झटकन उघडून बंद करावी आणि तापमान लिहून ठेवावे. पारा ४ अंशांच्या वर कितव्या तासाला गेला, ते कळले की आपली पेटी किती तासांची आहे हे कळते. पेटीवर कंपनीने काय छापले आहे, त्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

बर्फाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण किनाऱ्यावर बर्फ कुठेही मिळतो. मिरकरवाडा, हर्णै यांसारख्या बंदरांवर बर्फाचे कारखाने आहेत आणि अडचणीच्या वेळी कोणीतरी तिथून पाटी आणून देतो. मासळीसाठीचा हा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नसते, निळसर रंगाचा बर्फ तर मुद्दाम तसा रंगवलेला, खाण्यासाठी नसलेला बर्फ असतो. तो वापरायचाच झाला तर घट्ट बंद पिशवीत, दुधाच्या बाटल्यांना त्याचे पाणी लागणार नाही अशा बेताने वापरावा आणि बाटलीचे तोंड पाण्यात बुडू देऊ नये. मासळीची थर्माकोलची जुनी पेटी कितीही धुतली तरी दुधासाठी घेऊ नये.

आणखी एक चूक अनेक जणी करतात. घरून गोठवलेले दूध नेताना किंवा मुक्कामी गोठवलेले परत आणताना त्याभोवती साधा बर्फ घालतात. वितळत्या बर्फाचे तापमान ० अंश असते आणि फ्रीझरमधले दूध त्याहून पुष्कळ थंड, त्यामुळे त्या बर्फाजवळ गोठलेले दूध उलट वितळू लागते. थंड केलेल्या, न गोठवलेल्या दुधासाठी मात्र बर्फ उत्तम आहे. माझे स्पष्ट मत असे, की तीन दिवसांच्या आतल्या दौऱ्यात दूध गोठवूच नये. ते केवळ थंड ठेवून आणावे आणि घरी आल्यावर हवे तेवढे गोठवावे.

गाडीत, एसटीत आणि तरीत

दूध किती वेळा काढावे, याचे उत्तर बाळ किती वेळा पीत होते त्यात आहे. साधारण दर तीन तासांनी एकदा. दूध घरी नेणे शक्य नसले तरी ते काढलेच पाहिजे, नाहीतर छाती दाटते, गाठी होतात आणि दोन-तीन दिवसांत पान्हा कमी होतो. दाटलेल्या छातीवर जोरात चोळू नये; कापडात गुंडाळलेला थंड पॅक थोडा वेळ ठेवावा आणि दूध काढत राहावे. ताप आला, अंग दुखू लागले, स्तनावर लाल, दुखरा पट्टा दिसला, तर दौरा तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे, मात्र पाजणे किंवा दूध काढणे बंद करू नये.

पंप विजेचा असो वा हाताचा, हाताने दूध काढता येणे प्रत्येकीला यायलाच हवे, कारण पंप बिघडतो आणि चार्जिंग संपते. हात साबणाने २० सेकंद धुवावेत. अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेशी चंद्रकोरीसारखी ठेवावीत, ती आधी छातीच्या दिशेने मागे दाबावीत, मग एकमेकांकडे दाबून सोडावीत. बोटे कातडीवर घासत ओढू नयेत. लय सापडली की धार लागते. मग बोटांची जागा फिरवत राहावे.

रेल्वेत खिडकीजवळची जागा घ्यावी, मोठी सुती ओढणी किंवा शाल बरोबर ठेवावी आणि शेजारी बसलेल्या बाईंना आधीच दोन शब्द सांगावेत. मांडवी, जनशताब्दी, तुतारी या गाड्यांत मला एकदाही कोणी वावगे बोलले नाही. उलट एका आजींनी स्वतःची शाल आडवी धरून बसण्याचा आग्रह केला. डब्यातल्या सॉकेटवर पंप लावण्याआधी अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का ते पाहावे, कारण डब्यांत अनेकदा ११० व्होल्टचा पुरवठा असतो. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे घरून पूर्ण चार्ज केलेला पंप आणि पॉवर बँक.

एसटीच्या प्रवासात धावत्या गाडीत, विशेषतः घाटात, दूध काढण्याचा प्रयत्न करू नये. बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष असतात. बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचे नाव त्यांना दिले आहे आणि त्या कक्षात बसण्याचा आपला हक्क आहे. उतरल्यावर वाहतूक नियंत्रकांकडे कक्षाची चौकशी करावी आणि पुढची गाडी तीस-चाळीस मिनिटांनंतरची घ्यावी. आंबा, कुंभार्ली किंवा करूळ घाट ओलांडून कोल्हापूर-कराडकडे जायचे असेल, तर घाट सुरू होण्यापूर्वीच्या स्थानकावरच दूध काढून घ्यावे.

दापोली-गुहागरकडे जाताना दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरीबोट लागते. त्या वेळी मोटार उघड्या डेकवर उन्हात उभी राहते, म्हणून पेटी गाडीत न ठेवता बरोबर घेऊन सावलीत बसावे. हे मी एवढ्या ठामपणे सांगते, त्याला कारण आहे. एका शाखेत तपासणी लांबली आणि मी पेटी जीपच्या मागच्या भागातच ठेवून आत गेले. पाच तासांनी येऊन पाहिले तेव्हा थर्मामीटर १९ अंश दाखवत होता. दोन दिवसांचे ६०० मिलीलीटरहून अधिक दूध मला टाकून द्यावे लागले आणि ते टाकताना मी रडले. तेव्हापासून पेटी माझ्या खुर्चीखाली असते, मग समोर कोणीही अधिकारी बसलेले असोत.

विमानाने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: सिंधुदुर्गातल्या चिपी किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळावरून देशांतर्गत प्रवास करताना दूध हातातल्या सामानातच ठेवावे, विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात जाऊ देऊ नये, आणि तपासणीच्या रांगेत आपणहून आधी सांगावे. जेलपॅकविषयी विमान कंपनीला आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

मुक्कामाचे ठिकाण

लॉज ठरवताना खोलीत फ्रीज आहे का एवढेच विचारून चालत नाही. खोलीतले छोटे फ्रीज बऱ्याचदा ४ अंशांपर्यंत उतरत नाहीत आणि जेलपॅक तर त्यात गोठतच नाहीत. स्वयंपाकघरातल्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर चार पॅक ठेवू द्याल का, हा प्रश्न फोनवरच विचारावा. मालवण-वेंगुर्ल्याकडे अशा फ्रीझरमध्ये सुरमई-पापलेट असणारच; पॅक आणि बाटल्या नाव लिहिलेल्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात, म्हणजे वासही लागत नाही आणि सकाळी घाईत कोणी चुकून हलवतही नाही. लॉजवर सोय नसेल तर जवळच्या आइस्क्रीमच्या दुकानात विचारावे. माझे पॅक कणकवलीत दोन रात्री अशाच एका दुकानात राहिले आणि दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातला फ्रीज मात्र केवळ लसींसाठी असतो, तिथे मागू नये.

पंपाचे दुधाला लागणारे भाग प्रत्येक वेळी धुतले पाहिजेत. बेसिनमध्ये थेट न ठेवता, त्यासाठीच आणलेल्या पातेल्यात गरम पाणी आणि साबणाने धुवावेत आणि दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत. छोटी विजेची किटली यासाठी पुरते. दिवसभर बाहेर असताना धुणे जमत नाही, म्हणून असे भाग दोन किंवा तीन संच असावेत. पावसाळ्यात खरी अडचण वाळण्याची असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे रात्रभर ठेवलेली वाटीसुद्धा सकाळी ओलीच असते आणि ओलसर नळीत बुरशी धरते. पाणी झटकून, स्वच्छ सुती कपड्यावर पंख्याखाली ठेवावे; सकाळी ओल दिसली तर निघण्याआधी पुन्हा उकळून घ्यावे. बुरशीचा ठिपका दिसलेली नळी धुऊन पुन्हा वापरू नये, ती बदलावी.

पाऊस, दरड आणि वीज

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागले की गाड्या हळू धावतात आणि नेहमीच्या वेळा बदलतात, म्हणून जूननंतरचा हिशेब उन्हाळ्यातल्या तिकिटावरून करू नये. जुलै २०२४मध्ये दिवाणखवटीजवळ दरड कोसळून मार्ग जवळपास एक दिवस बंद राहिला होता. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा रस्ता आणि रेल्वे दोन्ही थांबले. अशा दिवसांत दौरा पुढे ढकलण्याची विनंती करण्यात काही कमीपणा नाही. अडकून पडलोच, तर पेटी उघडू नये, जवळच्या गावात बर्फ मिळतो का पाहावे आणि २४ तास उलटून पारा ४ अंशांच्या वर गेलेला असेल, तर ते दूध बाळाला देऊ नये.

घरचा साठाही विजेवर अवलंबून आहे. जून २०२०मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत कितीतरी दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. दार न उघडता फ्रीज सुमारे ४ तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. म्हणून फ्रीझरमध्ये रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि वीज गेली की कोणीही ‘पाहूया तरी’ म्हणून दार उघडू नये, असे घरात सांगून ठेवावे. वीज आल्यावर ज्या पिशवीत अजून बर्फाचे खडे दिसत आहेत, ती पुन्हा गोठवता येते. पूर्ण वितळलेली पिशवी फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरावी, पुन्हा गोठवू नये.

घरी पाजणाऱ्यांसाठी

आजींना सर्वांत आधी सांगायचे ते हे, की हे दूध गाई-म्हशीच्या दुधासारखे तापवायचे नाही. गॅसवर उकळी आणली की त्यातली बाळाला रोगांपासून जपणारी प्रतिद्रव्ये नष्ट होतात. सर्वांत जुनी तारीख आधी घ्यावी, आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये ठेवावी आणि पाजताना बंद पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावी. मायक्रोवेव्ह नको, कारण त्यात दूध कुठे थंड आणि कुठे तोंड भाजण्याइतके गरम होते. वर आलेला स्निग्धांशाचा थर हलकेच फिरवला की मिसळतो, तो काढून टाकू नये. कोमट केलेले दूध दोन तासांत संपवावे. बाळाने तोंड लावलेले उरले, तर तेही बाळाचे पिणे झाल्यापासून दोन तासांच्या आतच.

काही आयांच्या गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातला लायपेज हा घटक स्निग्धांश फोडत असतो, त्याचा तो वास आहे आणि असे दूध खराब नसते. आंबट, नासल्याचा वास मात्र वेगळा असतो. तसे दूध टाकून द्यावे.

दौऱ्याहून परतताना स्थानकावरून घरी फोन करून फ्रीजमध्ये जागा करायला सांगावी. दारात पोहोचलो की बाळ आवाज ओळखून झेपावते आणि आपलीही छाती भरलेली असते, त्यामुळे पेटी तशीच ओटीवर राहण्याची भीती असते. म्हणून पेटी आधीच ठरलेल्या माणसाच्या हातात द्यावी, त्याने थर्मामीटर पाहून बाटल्या तारखेप्रमाणे फ्रीजमध्ये लावाव्यात, रिकामे जेलपॅक पुसून पुन्हा फ्रीझरमध्ये टाकावेत, आणि आईने हातपाय धुऊन बाळाला घ्यावे.